साठी-सत्तरीतले पुरुष, गंभीर मानसिक आजार आणि हातातून निसटणारी वर्षं

स्किझोफ्रेनिया (भास आणि संशयांचा आजार), बायपोलर (कधी उन्माद, कधी नैराश्य असा आजार) किंवा पुन्हापुन्हा उलटणारं तीव्र नैराश्य असलेली माणसं इतरांपेक्षा लवकर जातात. ही गोष्ट नवी नाही. १८४१ साली विल्यम फार या इंग्रज आकडेतज्ज्ञाने मनोरुग्णालयांतल्या मृत्यूंचा हिशेब मांडला, तेव्हाच तिथला मृत्युदर बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे हे स्पष्ट झालं होतं. त्यानंतर प्रतिजैविकं आली, १९५० च्या दशकात मनोविकारांवरची पहिली परिणामकारक औषधं आली, अनेक देशांत मोठमोठी मनोरुग्णालयं रिकामी झाली. सर्वसाधारण माणसाचं आयुर्मान भराभर वाढत गेलं. या रुग्णांच्या आणि इतरांच्या आयुष्यातलं अंतर मात्र मिटलं नाही.

असं का, असं विचारलं की बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा आत्महत्या येते. ती येणं चूक नाही. स्किझोफ्रेनिया असलेल्या साधारण ५ टक्के लोकांचा शेवट आत्महत्येने होतो आणि तो धोका आजाराच्या सुरुवातीच्या वर्षांत सर्वाधिक असतो. पण एकूण मृत्यूंकडे पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. २०१५ साली २९ देशांतल्या २०३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात मानसिक आजार असलेल्यांचे सुमारे दोन तृतीयांश मृत्यू शरीराच्या नेहमीच्या आजारांनी झालेले होते. आत्महत्या आणि अपघात धरून अनैसर्गिक मृत्यू होते १७.५ टक्के. म्हणजे ही माणसं बहुतेक करून तुमच्याआमच्यासारखीच जातात: हृदयविकाराने, फुप्फुसांच्या आजाराने, कर्करोगाने, मधुमेहाच्या गुंतागुंतीने, न्यूमोनियाने. फक्त आधी जातात.

या लेखात मी त्यातल्या एकाच गटाबद्दल लिहिणार आहे: साठी-पासष्टी ओलांडलेले पुरुष. त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं. तरुण मुलगा आजारी पडला की सगळं घर हादरतं. तोच मुलगा सत्तरीचा झाला की ‘आता बराच शांत झालाय’ असं म्हणून त्याच्यावरची नजर हलते. तो खरोखरच शांत झालेला असू शकतो. अनेकांचे भास आणि संशय वयाबरोबर ओसरतात. पण नेमकं याच वयात शरीर कुरबुरायला लागतं, आणि लक्ष द्यायची खरी वेळ तीच असते.

आकडा वाचायचा कसा

२०१७ साली स्किझोफ्रेनियावरच्या जगभरातल्या अभ्यासांचा एक मोठा आढावा आला. या आजाराने सरासरी साडेचौदा वर्षं आयुष्य कमी होतं, पुरुषांचं जवळपास सोळा आणि स्त्रियांचं साडेतेरा, असा त्याचा निष्कर्ष. पुरुषांचं सरासरी आयुर्मान त्यात साधारण ६० वर्षं निघालं. जागतिक आरोग्य संघटनाही गंभीर मानसिक आजारांमुळे आयुष्य १० ते २० वर्षांनी कमी होतं असंच सांगते.

आता असा आकडा एखाद्या घरात वाचला गेला, तर काय होतं? वडील किंवा काका ६६ वर्षांचे आहेत. म्हणजे ते ‘सरासरीच्या पुढे’ गेले, आता आहेत ते दिवस वरकमाईचे, असा अर्थ काढला जातो. काही डॉक्टरही बोलताना असंच सुचवून जातात. हा अर्थ साफ चुकीचा आहे, आणि तो घातकही आहे, कारण त्यातून ‘आता कशाला तपासण्या’ ही वृत्ती येते.

सरासरी आयुर्मान कसं तयार होतं ते बघा. दहा माणसं धरा. त्यातली दोन तिसाव्या वर्षी गेली, उरलेली आठ पंच्याहत्तराव्या. दहाजणांची सरासरी येते ६६. पण सहासष्टाव्या वर्षी एकही गेलेला नाही. जो माणूस पासष्टीला जिवंत आहे त्याच्यापुढे एक वर्ष नाही, दहा वर्षं आहेत. तरुणपणीचे मृत्यू सरासरीला खाली ओढतात. जे त्यातून वाचले त्यांच्या उरलेल्या आयुष्याबद्दल ती सरासरी काहीच सांगत नाही. म्हणून म्हाताऱ्या माणसासाठी विचारायचा प्रश्न ‘जन्मापासून किती’ हा नाही. ‘आज या वयाला असलेल्या, पण आजार नसलेल्या माणसाच्या तुलनेत याच्या हातात किती’ हा आहे.

या प्रश्नाचं बऱ्यापैकी थेट उत्तर ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातून मिळालं. तिथे ६५ ते ८५ वयाच्या ३७,८९२ पुरुषांची नोंद १९९६ ते १९९८ दरम्यान केली गेली आणि २०१० पर्यंत त्यांचं काय झालं ते सरकारी नोंदींमधून पाहिलं गेलं. त्यात स्किझोफ्रेनिया, बायपोलर, तीव्र नैराश्य आणि दारूमुळे होणारे मानसिक विकार असलेले पुरुष वेगळे काढले होते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या पुरुषांचा मृत्यूचा धोका समवयस्कांच्या दुपटीहून जास्त होता आणि त्यांचं आयुष्य सुमारे तीन वर्षांनी कमी भरत होतं. दोन्ही गटांत मृत्यूची सर्वांत मोठी कारणं एकच होती: हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार, आणि कर्करोग.

पंधरा वर्षांच्या बातमीनंतर तीन वर्षं ऐकून हायसं वाटू शकतं. पण सत्तरीतल्या माणसापुढे दहा-बारा वर्षं असतील, तर त्यातली तीन म्हणजे उरलेल्या आयुष्याचा चौथा हिस्सा. आणखी एक लक्षात घ्या. पासष्टीपर्यंत पोचलेले हे लोक त्यांच्या पिढीतले चिवट होते. आजाराने ज्यांना लवकर नेलं ते आधीच मोजणीतून गेले होते. उरलेल्या चिवटांनाही दुपटीचा धोका, हे मला या अभ्यासातलं सगळ्यात अस्वस्थ करणारं वाटतं.

‘दुप्पट’ या शब्दाबद्दलही थोडं सांगायला हवं. पंचविशीत मृत्यूचा धोका मुळातच इतका थोडा असतो की तो चौपट झाला तरी हजारात मोजकीच माणसं जास्त दगावतात. पंच्याहत्तरीत मूळ धोकाच मोठा असतो. तो दुप्पट झाला की जास्तीचे मृत्यू पुष्कळ होतात. म्हणून वय वाढेल तशी ‘पट’ कमी होत गेलेली दिसली, तरी टाळता आले असते असे मृत्यू कमी होत नाहीत.

दवाखान्यात जातात, तरी निदान होत नाही

‘मानसिक रुग्ण डॉक्टरकडे जातच नाहीत’ असं सर्रास म्हटलं जातं. स्वीडनमधल्या ६० लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदींवरचा, २०१३ साली आलेला अभ्यास या समजाला छेद देतो. स्किझोफ्रेनिया असलेल्यांचा आरोग्यसेवेशी संबंध इतरांच्या दुपटीहून जास्त वेळा आलेला होता. तरीही त्यांच्यातले पुरुष १५ वर्षं आणि स्त्रिया १२ वर्षं लवकर गेल्या. का, याचा एक धागा त्याच अभ्यासात सापडतो. हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने जे लोक मेले, त्यांच्यापैकी किती जणांचं निदान आधी झालं होतं? इतरांमध्ये सुमारे ४४ टक्के. स्किझोफ्रेनिया असलेल्यांमध्ये सुमारे २६ टक्के. कर्करोगातही फरक होता, पण कमी: ८२ विरुद्ध ७४ टक्के. आणि ज्यांचं निदान वेळेत झालं होतं, त्यांच्या बाबतीत हे अंतर पुष्कळ आक्रसलेलं दिसलं.

म्हणजे बहुतेक हृदयरुग्ण आपल्याला हृदयविकार आहे हे न कळताच गेले, आणि तेही वरचेवर दवाखान्याची पायरी चढत असताना.

हे घडतं कसं? समजा, ६८ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. चाळीस वर्षांपासून स्किझोफ्रेनिया, औषधं नियमित. ते म्हणतात, ‘रात्री छातीवर कुणीतरी येऊन बसतं.’ हेच वाक्य शेजारच्या निवृत्त शिक्षकाने म्हटलं असतं तर डॉक्टरांनी लगेच ईसीजी काढला असता. छातीवर दडपण येणं, रात्री आडवं पडल्यावर दम लागणं, ही हृदयाची अगदी ओळखीची लक्षणं. पण या गृहस्थांच्या फाइलवर निदान लिहिलेलं आहे. त्यामुळे ‘कुणीतरी’ या शब्दावर कान टवकारले जातात आणि ‘छातीवर’ हा शब्द हवेत विरतो. झोपेची गोळी वाढते. हृदय निकामी होत चाललंय हे कळेपर्यंत पायांना सूज आलेली असते.

यात कुणी दुष्ट नसतं. मनोविकारतज्ज्ञ मन पाहतात, शरीर दुसरं कुणीतरी पाहत असेल असं धरून चालतात. शरीर पाहणारे डॉक्टर मानसिक आजाराचं नाव वाचून बिचकतात, किंवा तक्रारींचं खापर त्यावर फोडून मोकळे होतात. दोघांच्या मधल्या फटीत माणूस पडतो. शिवाय काही रुग्ण तक्रारच करत नाहीत. स्किझोफ्रेनियात वेदनेची जाणीव किंवा ती बोलून दाखवण्याची ऊर्मी कमी झालेली आढळते. हृदयविकाराचा झटका किंवा फुटलेलं अपेंडिक्ससुद्धा फारसा गाजावाजा न होता अंगावर काढलं जातं. म्हणून या वयातल्या पुरुषाचं जेवण एकाएकी कमी झालं, चालण्याचा वेग मंदावला, तो अंथरुणातून उठेनासा झाला, तर ‘पुन्हा उलटलं वाटतं’ असं म्हणण्याआधी शरीर तपासून घ्यायला हवं.

निदान झाल्यावरही वाट सरळ नसते. अमेरिकेत १९९० च्या दशकात हृदयविकाराचा झटका येऊन रुग्णालयात गेलेल्या, ६५ वर्षांवरच्या एक लाखाहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. मानसिक आजाराचं निदान असलेल्यांच्या वाट्याला रक्तवाहिन्या तपासण्याच्या आणि मोकळ्या करण्याच्या प्रक्रिया इतरांपेक्षा कमी आल्या होत्या.

सिगारेट, आणि ती सोडतानाचा एक धोका

या सगळ्या कारणांमध्ये मी सर्वांत वर धूम्रपान ठेवेन. स्किझोफ्रेनिया असलेल्या पुरुषांत धूम्रपानाचं प्रमाण सर्वसाधारण पुरुषांच्या कितीतरी पुढे असतं, ते दिवसाकाठी ओढतातही जास्त, आणि एकेक झुरका खोलवर घेतात. कित्येक रुग्णालयांत एके काळी शिस्तीचं बक्षीस म्हणून सिगारेट दिली जायची. आज जे सत्तरीत आहेत त्यांच्यातल्या अनेकांना ही सवय उपचारांच्या जागीच लागली किंवा पक्की झाली. त्यांच्या फुप्फुसांचं आज जे झालंय त्यात त्यांच्या आळशीपणाचा किंवा बेफिकिरीचा हिशेब मांडणं मला अन्यायाचं वाटतं.

पण इथे एक गोष्ट आहे जी घरच्यांना सहसा कुणी सांगत नाही. सिगारेटच्या धुरातली काही रसायनं यकृतातल्या एका एन्झाइमला चेव आणतात. हे एन्झाइम क्लोझापिन आणि ओलान्झापिन या स्किझोफ्रेनियावरच्या दोन औषधांचं विघटन करतं. धूम्रपान करणाऱ्याच्या रक्तातून ही औषधं लवकर निघून जातात, म्हणून त्याला मोठा डोस लागतो. आता हा माणूस न्यूमोनियाने रुग्णालयात दाखल झाला. तिथे सिगारेट बंद. काही दिवसांतच ते एन्झाइम थंडावतं, डोस मात्र तोच चालू राहतो. त्यात शरीरातला जंतुसंसर्गही क्लोझापिनचं विघटन मंदावतो. रक्तातली पातळी झपाट्याने चढते. माणूस गुंगीत जातो, लाळ गळते, उठताना तोल जातो, कधी फिट येते. बघणाऱ्याला वाटतं की न्यूमोनिया बळावला. खरं तर डोस कमी करून रक्तातली पातळी मोजायला हवी होती.

यातला दोषी धूर आहे, निकोटिन नव्हे. त्यामुळे निकोटिनचा पॅच किंवा च्युइंगगम घेतल्याने एन्झाइमला चेव येत नाही. सिगारेट सोडून पॅच लावला तरी डोसचा विचार करावाच लागतो. म्हणून सिगारेट सोडायचं ठरलं की ते आधी मनोविकारतज्ज्ञांच्या कानावर घालावं. सोडू नये असा याचा अर्थ बिलकूल नाही.

सोडता येते का? येते. २०१६ साली आठ हजारांहून अधिक लोकांवरच्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. त्यातल्या निम्म्यांना मानसिक आजार होता, आणि त्यांचा आजार स्थिर होता. व्हॅरेनिक्लिन आणि बुप्रोपिऑन या धूम्रपान सोडवणाऱ्या औषधांमुळे मानसिक त्रास लक्षणीय वाढतो, ही जुनी भीती त्यात खरी ठरली नाही. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना खास प्रशिक्षित माणसाची सोबत दिली तर काय होतं, हे ब्रिटनमधल्या ५२६ जणांच्या चाचणीत पाहिलं गेलं: सहा महिन्यांनी अशा सोबतीने सोडणारे १४ टक्के, नेहमीच्या सेवेत ६ टक्के. वर्षाअखेर तो फरक कमी झाला. म्हणजे आधार मध्येच काढून घेऊन चालत नाही.

औषधं: तारकही, त्रासदायकही

ओलान्झापिन आणि क्लोझापिनने वजन, साखर आणि रक्तातली चरबी वाढते. काही औषधांमुळे हृदयाच्या ठोक्यांची विद्युतलय लांबते. काहींमुळे उभं राहताना रक्तदाब एकदम उतरतो, आणि सत्तरीत पडणं म्हणजे खुब्याचं हाड मोडणं, मग अंथरूण, मग न्यूमोनिया. मग ही औषधं बंदच केली तर? हा प्रश्न घरोघरी येतो. फिनलंडमध्ये स्किझोफ्रेनियाच्या ६२,२५० रुग्णांची वीस वर्षांची माहिती पाहिली गेली. औषधं अजिबात न घेणाऱ्यांमध्ये या काळात ४६ टक्के मृत्यू, कोणतंही औषध घेणाऱ्यांमध्ये सुमारे २६ टक्के, आणि क्लोझापिन घेणाऱ्यांमध्ये १५.६ टक्के. नियमित गोळ्या घेणारा माणूस इतर बाबतींतही स्वतःची काळजी घेत असेल, क्लोझापिनवाल्यांची तपासणी वारंवार होते, हे सगळं धरूनही ‘औषधांनीच माणसं लवकर मरतात’ या सरसकट विधानाला या आकड्यांत आधार मिळत नाही.

इथे एक घोळ नेहमी होतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ साली इशारा दिला की डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या वृद्धांच्या वागणुकीवर उपाय म्हणून ही औषधं दिली तर मृत्यूचा धोका दीडपटीहून जास्त होतो. तो इशारा खरा आहे. पण तो चाळीस वर्षांपासून स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसासाठी नाही. हा फरक न कळल्याने म्हातारपणी अचानक गोळ्या तोडल्या जातात आणि दोन-तीन महिन्यांत माणूस पुन्हा भासांच्या तावडीत सापडतो.

खरी गरज असते ती वयानुसार औषधांचा पुन्हा हिशेब करण्याची. पस्तिशीत बसवलेला डोस सत्तरीतल्या मूत्रपिंडांना आणि यकृताला झेपेलच असं नाही. तीन गोष्टींवर माझा विशेष भर आहे.

पहिली, लिथियम, म्हणजे बायपोलरमधले चढउतार रोखणारं औषध. ते मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतं. वयाने त्यांचं काम मंदावतं, आणि त्यात गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेनसारखी गोळी, किंवा रक्तदाबाची काही औषधं सुरू झाली की लिथियम शरीरात साठतं. जुलाब, उलट्या, ताप येऊन अंगातलं पाणी कमी झालं तरी तेच. हात जोरात थरथरणं, झोकांड्या जाणं, जीभ अडखळणं, गोंधळल्यासारखं होणं: ही विषबाधेची लक्षणं आहेत, आणि वय झालेल्या माणसात ती ‘म्हातारपण’ किंवा ‘पक्षाघात’ म्हणून खपून जातात. रक्तातलं लिथियम मोजलं की उत्तर मिळतं.

दुसरी, ट्रायहेक्सिफेनिडिल. हातांचा कंप आणि ताठरपणा कमी करायला ही गोळी दिली जाते आणि मग वर्षानुवर्षं चालूच राहते. पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी या वयात वाढलेली असते. या गोळीने मूत्राशय सुस्तावतं आणि लघवी तुंबते. स्मरणशक्तीवरही परिणाम होतो. तिची अजून गरज आहे का, एवढं विचारलं तरी पुष्कळदा ती हळूहळू कमी करता येते.

तिसरी गोष्ट बोलायला संकोच वाटणारी, म्हणून दुर्लक्षित: बद्धकोष्ठ. क्लोझापिन आतड्यांची हालचाल मंदावतं, कधी पार थांबवतं. क्लोझापिन म्हटलं की सगळ्यांना पांढऱ्या पेशी कमी होण्याची भीती माहीत असते, त्यासाठी रक्त तपासलं जातं. आतड्यांकडे मात्र कुणी पाहत नाही, आणि त्यामुळे मृत्यू झालेले आहेत. अमेरिकी नियंत्रकांना २०२० च्या जानेवारीत याबद्दलचा इशारा अधिक कडक करावा लागला. क्लोझापिनवर असलेल्या वृद्ध माणसाला ‘शौचाला कधी झाली’ हे दर भेटीत विचारलं जायला हवं. पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, तर सकाळपर्यंत थांबू नये.

पुरुषच जास्त का

स्त्रियांनाही या आजारांत आयुष्याचं नुकसान सोसावं लागतं, पण स्किझोफ्रेनियात पुरुषांचं बहुधा जास्त होतं. दारू आणि तंबाखू हे एक कारण. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हा आजार पुरुषांमध्ये लवकर सुरू होतो, पुष्कळदा विशीच्या आगेमागे, म्हणजे शिक्षण, नोकरी, लग्न यातलं काहीच जागेवर बसलेलं नसताना. त्यामुळे साठीला पोचेपर्यंत त्यांच्यातल्या अनेकांना जोडीदार नसतो, मुलं नसतात, कामावरचे जुने मित्र नसतात. आई असेपर्यंत आई बघते. नंतर एखादी बहीण किंवा भाऊ, आणि तेही तेवढेच म्हातारे. ‘तुझा चेहरा उतरलाय, चल दाखवून येऊ’ असं म्हणणारं माणूस घरात असणं हे आरोग्याचं फार मोठं संरक्षण असतं आणि या पुरुषांना ते उतारवयात, नेमकं गरजेच्या वेळी, उरत नाही. एकटेपणा, कमी उत्पन्न, बेताचं जेवण आणि घराबाहेर न पडणं हे सगळं मग एकमेकांत गुंततं.

याच वळणावर आत्महत्येचा धोकाही पुन्हा डोकं वर काढू शकतो, विशेषतः नैराश्य आणि बायपोलर असलेल्या पुरुषांत. बहुतेक देशांत वृद्ध पुरुष हा आत्महत्येचं प्रमाण जास्त असलेला गट आहे. सांभाळणारं माणूस गेल्यावरचे महिने आणि रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे आठवडे जपण्याचे. ‘जीव नकोसा झालाय का, काही करून घ्यायचं मनात येतं का’ असं सरळ विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उत्तर होकारार्थी आलं तर एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोचावं.

काय हाताशी आहे

सुरुवात साध्या मोजमापांपासून होते: वजन आणि कंबर, रक्तदाब, साखर, चरबी, मूत्रपिंडांची तपासणी, ईसीजी. वर्षातून एकदा तरी, आणि औषध बदललं की पुन्हा. पण नुसतं मोजून माणूस वाचत नाही, आणि ‘चाला, कमी खा’ या सल्ल्यावर माझा फारसा भरवसा नाही. अमेरिकेत गंभीर मानसिक आजार असलेल्या २९१ जणांना दीड वर्ष गटाने व्यायाम आणि आहाराचं मार्गदर्शन दिलं, तेव्हा तुलनेच्या गटापेक्षा त्यांचं वजन सरासरी ३.२ किलोने उतरलं. डेन्मार्कमधल्या तशाच एका प्रयत्नातून मात्र काही हाती लागलं नाही. म्हणून जीवनशैली सुधारेल तेव्हा सुधारेल. वाढलेल्या रक्तदाबावर गोळी, चरबीवर स्टॅटिन, साखरेवर किंवा औषधांमुळे वाढलेल्या वजनावर मेटफॉर्मिन हे उपचार तोवर थांबवून ठेवू नयेत. इतरांना ज्या आकड्यावर गोळी सुरू होते, त्याच आकड्यावर यांनाही व्हायला हवी.

लसींचंही तसंच. न्यूयॉर्कमध्ये कोविडच्या पहिल्या लाटेत स्किझोफ्रेनिया असलेल्यांचा मृत्यूचा धोका, इतर आजार हिशेबात धरल्यावरही, अडीच पटीहून जास्त निघाला. त्या अभ्यासात याहून मोठा धोका फक्त वयाचा होता. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी या पुरुषांना अगत्याने दिल्या जायला हव्यात.

सोबत जाणाऱ्याने दोन गोष्टी कराव्यात. सगळ्या गोळ्यांची एकच यादी, अगदी दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामकासकट, दोन्हीकडच्या डॉक्टरांपुढे ठेवावी. आणि तक्रार मनावर ढकलली जात आहे असं वाटलं तर नम्रपणे विचारावं, ‘यांना हा मानसिक आजार नसता, तर तुम्ही आज काय तपासलं असतं?’

शेवटी नकाराबद्दल. अँजिओग्राफी, प्रोस्टेटची शस्त्रक्रिया किंवा कर्करोगाचे उपचार सुचवले की असा वृद्ध माणूस कित्येकदा ‘नको’ म्हणतो. फाइलवर ‘रुग्णाचा नकार’ असं लिहून विषय संपतो. नाही म्हणायचा त्याला पूर्ण हक्क आहे. पण तो नकार कशाला होता हे पाहायला हवं: उपचाराला, सुईला, अनोळखी खोलीला, की घाईघाईत सांगितलेल्या न कळलेल्या वाक्यांना? गंभीर मानसिक आजार असलेले बहुसंख्य लोक नीट समजावून सांगितलं तर स्वतःच्या उपचारांचा निर्णय घेऊ शकतात. सांगायचं शांतपणे, एका वेळी एकच गोष्ट, त्याच्या विश्वासातल्या माणसाला शेजारी बसवून, आणि आज नको म्हणाला तर दोन दिवसांनी पुन्हा. इतर रुग्णांच्या नकारानंतर डॉक्टर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बोलायला येतातच. यांच्याकडेही तितक्याच वेळा यायला हवं.